सोडल्यावर गांधार उतरतो: एका पेडल स्टील गिटारची दुरुस्ती

गिटार माझ्या कामाच्या टेबलावर आली तेव्हा सगळ्यात आधी लक्ष गेलं ते उजव्या टोकाच्या पट्टीकडे. तिथले नायलॉन ट्यूनर षट्कोनी असतात, पण यातल्या सात-आठांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. पाना लावून लावून, पुन्हा पुन्हा फिरवल्याची ती खूण. या वाद्यात एवढे ट्यूनर झिजलेले दिसले की समजायचं, दुखणं भलतीकडेच आहे आणि औषध मात्र इथे चोळलं जातंय.

मालक सत्तरी ओलांडलेले. टेक्ससमध्ये, फोर्ट वर्थच्या बाहेर राहतात आणि दर रविवारी चर्चमध्ये वाजवतात. त्यांची तक्रार एका वाक्याची होती. "लावतो तेव्हा सुरात असते, दोन गाणी वाजवली की उतरते." दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. दोन्हीकडे सूर मोजणारं मीटर लावून गिटार सुरात आणून दिली, आणि दोन्ही वेळा पुढच्या रविवारी तेच. माझा धंदा मशीन टूल डिझाइनचा, आणि गेली अकरा वर्षं मी हे वाद्य वाजवतोय. म्हणून ते माझ्याकडे आले.

हे वाद्य मराठी वाचकांपैकी फार थोड्यांनी जवळून पाहिलं असेल. आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात, मांडीवर आडवी ठेवून पोलादी दांडा सरकवत वाजवायची, तिचंच हे अमेरिकेत वाढलेलं भावंड. पाय लावून उभी केलेली, खाली पेडल आणि दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला लिव्हर. पेडल दाबलं की ठरावीक तारा ठरावीक अंतराने चढतात. १९५४ साली कंट्री गायक वेब पिअर्सच्या एका रेकॉर्डमध्ये स्टील गिटारवादक बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि एक स्वरसंगती दुसरीत वितळत गेली. तो आवाज ऐकून नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या शहरातल्या वादकांनी आपापल्या गिटारींना पेडल जोडायला सुरुवात केली.

प्रचलित मिळवणी दहा तारांची, ई नाइन्थ. ई ला षड्ज धरा म्हणजे आपल्याला लगेच उमगेल. वादकापासून लांबच्या तारेपासून मोजायचं: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिलं पेडल, ज्याला ए म्हणतात, दोन्ही पंचमांना धैवतावर नेतं. दुसरं, बी, दोन्ही गांधारांना मध्यमावर. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं, म्हणजे दांडा जागचा न हलवता ई मेजरवरून ए मेजर. लिव्हर षड्जाला अर्धा स्वर चढवतात किंवा उतरवतात, आणि या गिटारवर एक लिव्हर सहाव्या तारेचा गांधार उतरवून रिषभावर आणायची.

हे घडतं ते चेंजरमध्ये. प्रत्येक तार एका छोट्या गोल डोक्याच्या धातूच्या तुकड्यावरून वळते, त्याला फिंगर म्हणतात. तीच तारेची घोडी. पेडल दाबलं की साखळीसारखी ओढ खालच्या शाफ्टला मिळते, शाफ्टवरचा बेल क्रँक, म्हणजे शाफ्टला जडलेला भोकं असलेला छोटा हात, रॉड ओढतो, रॉड फिंगरला मागे खेचतो, तार ताणली जाते. उतरवण्यासाठी दुसरा तुकडा असतो. तो आपल्या थांब्यावर एका स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला राहतो, लिव्हर मारली की थांबा सोडून पुढे येतो आणि तार सैल होते. किती चढायचं, किती उतरायचं हे रॉडच्या टोकावरचा नायलॉन ट्यूनर ठरवतो. उघड्या तारांचा सूर मात्र डावीकडच्या खुंट्यांवर लावायचा.

आता हालचाल किती, ते बघा. चोवीस इंची तारेवर जी शार्पची, म्हणजे आपल्या गांधाराची, सहावी तार, ०.०२० इंचाची साधी पोलादी, अर्धा स्वर चढवायची तर माझ्या ढोबळ हिशेबाने ती सुमारे ०.२ मिलिमीटर ओढावी लागते. झेरॉक्सच्या कागदाची दोन पानं एकावर एक ठेवा, तेवढं. अर्ध्या स्वराचे १०० सेंट. म्हणजे एका सेंटला साधारण २ मायक्रॉन. डोक्याचा केस याच्या तीसपट तरी जाड असतो. तिसरी तार एक सप्तक वरच्या जी शार्पची. साध्या तारेत ताण वारंवारतेच्या वर्गाने वाढतो, म्हणून तिला त्याच अर्ध्या स्वरासाठी चौपट ओढ लागते. त्यामुळे यंत्रणेत कुठेही वीस मायक्रॉन अडकले तर तिसऱ्या तारेवर दोन-अडीच सेंटचा फरक पडतो, तो कुणाच्या कानावर येत नाही, आणि सहाव्यावर दहा सेंटचा पडतो, जो चर्चमधल्या शेवटच्या बाकावरही ऐकू जातो. सहावी तार बोंब मारते कारण ती सगळ्यात नाजूक मापक आहे. तिच्यातच बिघाड असेल असं नाही.

पहिल्या संध्याकाळी मी पाना हातात घेतला नाही. वही घेतली. उघडी तार छेडायची, दोन सेकंद थांबून मीटर वाचायचं. पेडल दाबायचं, सोडायचं, पुन्हा वाचायचं. मग लिव्हर मारून सोडायची आणि वाचायचं. प्रत्येक तारेवर तीनदा, छेडण्याचा जोर शक्य तितका सारखा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय मला आजवर सापडलेला नाही.

सहाव्या तारेचे आकडे असे आले: बी पेडल दाबून सोडलं की गांधार ९ सेंट खाली. उतरवणारी लिव्हर मारून सोडली की ६ सेंट वर. तिन्ही वेळा जवळजवळ हेच. चौथ्या तारेचे, म्हणजे वरच्या षड्जाचे, वेगळे: चढवून सोडलं तर जागेवर, पण उतरवून सोडलं तर कधी ३ सेंट खाली, कधी ७. बाकी तारा एक-दोन सेंटच्या आत.

इथे मी एक संध्याकाळ फुकट घालवली. दोन तारा सोडल्यावर खाली येतात म्हणजे दोन्हींचा दोष चेंजरमध्ये, असं धरून मी चेंजर धुतला, दोन स्प्रिंगांचा ताण वाढवला. आकडे हलले नाहीत. मग वही पुन्हा उघडली आणि जे आधीच लिहून ठेवलं होतं ते नीट वाचलं. चढवल्यावर खाली आणि उतरवल्यावर वर, हे जोडीने येतंय. हे चेंजरचं लक्षणच नव्हे.

तार काही घोडीपासून सुरू होऊन आडापाशी, म्हणजे डाव्या टोकाच्या आधाराशी, संपत नाही. आडावरून पुढे ती खुंटीपर्यंत जाते, आणि तो तुकडाही ताणलेला असतो. पेडल दाबलं की वाजणारा भाग ताणला जातो आणि खुंटीकडची थोडी तार आडावरून सरकून इकडे येते. सोडल्यावर ती परत जायला हवी. आडाशी घर्षण असेल तर ती पूर्ण परत जात नाही, थोडी इकडेच राहते, वाजणारा भाग सैल पडतो, सूर खाली. उतरवताना नेमकं उलट: वाजणारा भाग सैल होतो, खुंटीकडचा ताण थोडी तार तिकडे ओढून घेतो, सोडल्यावर ती पुरती परत येत नाही, वाजणारा भाग जास्त ताणलेला राहतो, सूर वर. चढवून खाली, उतरवून वर: ही जोडी दिसली की डावीकडे बघायचं. दोन्ही दुरुस्ती करणारे उजवीकडे पाना फिरवत बसले होते, आणि एक संध्याकाळ मीही.

खात्री करणं सोपं असतं. बी पेडल दाबून सोडलं, मीटर ९ खाली दाखवत होतं. आड आणि खुंटी यांच्या मधल्या तुकड्यावर बोटाने हलकं दाबून सोडलं. काटा उडी मारून १ वर आला. अडकलेली तार सुटली होती.

या गिटारींचा आड म्हणजे दहा छोट्या खाचेदार चाकांची ओळ असते, एका बारीक दांडीवर ओवलेली. तार घासू नये, चाक फिरावं, हाच त्याचा हेतू. तारा सैल करून मी दांडी बाहेर काढली. चाकं ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने चिकटपट्टीवर मांडली, कारण प्रत्येकाची खाच तारेच्या जाडीनुसार वेगळी असते आणि क्रम चुकला तर तारांची उंची एका रेषेत राहत नाही. नऊ चाकं नखाने ढकलली की फिरली. सहावं दांडीसकट बाहेर आलं. त्याच्या भोकात तपकिरी, मधासारखा घट्ट राळ साचला होता, कधीकाळी घातलेल्या जाड तेलात वर्षानुवर्षांची धूळ आणि तारेचा लोखंडी चुरा मुरलेला. भिंगातून खाच पाहिली तर तळाला एकाच जागी तारेने आपली स्वतःची अरुंद चर कापली होती, आणि चरीच्या एका कडेला बारीक कंगोरा उभा. चाक फिरत नव्हतं, म्हणून तार दर पेडलला त्याच जागी करवतीसारखी चालली होती.

लायटरच्या इंधनात चाक रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी भोक काडीने स्वच्छ केलं, २००० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक गुंडाळी करून खाचेतला कंगोरा मोडला, आणि बसवताना चाक अर्ध्या फेऱ्याने फिरवून चर तारेखालून दूर केली. दांडीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोही कापडाने पुसून. जाड ग्रीस इथे लावू नये. आज गुळगुळीत वाटतं आणि चार वर्षांनी त्याचाच राळ होतो.

नवी तार चढवून, ओढून ओढून बसवून, पुन्हा मोजलं. बी सोडल्यावर २ खाली, लिव्हर सोडल्यावर १ वर. एवढं राहणारच. मी मालकांना सुचवलं की साध्या ०.०२० ऐवजी ०.०२२ ची गुंडाळलेली तार लावा. गुंडाळलेल्या तारेत ताण आतल्या बारीक गाभ्यावर येतो, तिला ओढ जास्त लागते, त्यामुळे उरलेली चूकही विरघळते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. साध्या तारेचा आवाज त्यांना हवा होता, आणि तो त्यांचा अधिकार.

चौथ्या तारेचं दुखणं खरंच उजवीकडे होतं. उतरवून सोडल्यावर खाली, आणि दर वेळी वेगळं. लक्षण सांगत होतं की उतरवणारा तुकडा आपल्या थांब्यापर्यंत पोचत नाहीये. स्प्रिंग कमजोर असेल, किंवा त्याला कुणीतरी धरून ठेवलंय. स्प्रिंगचा ताण तर मी आधीच वाढवून बसलो होतो आणि फरक पडला नव्हता. मग त्या रॉडचा नायलॉन ट्यूनर अर्धा फेरा सैल केला. लिव्हरला हातही लावलेला नसताना उघडी तार ८ सेंट चढली.

म्हणजे लिव्हर मोकळी असतानाही रॉड ताणलेलाच होता. षड्ज थांब्यावर उभा नव्हता, रॉडवर लटकत होता, आणि लिव्हर सुटल्यावर जिथे थांबेल तिथे तो थांबायचा. कधी इथे, कधी तिथे. कुणीतरी डी शार्प, म्हणजे षड्ज उतरवून मिळणारा निषाद, पुरेसा खाली जात नाही म्हणून ट्यूनर आवळत नेला, तेव्हा उघडी तार उतरली, ती खुंटीने चढवली, मग डी शार्प पुन्हा कमी पडला, पुन्हा ट्यूनर. हे चक्र किती वेळा फिरलं ते झिजलेल्या कडा सांगत होत्या. पेडल किंवा लिव्हर मोकळी असताना प्रत्येक रॉडला जराशी ढील हवीच, बोटाने हलवला की किंचित खुळखुळावा इतकी. दहा तारांचे सगळे रॉड एकेक करून तपासले. आणखी तीन असेच आवळलेले निघाले.

ढील दिल्यावर डी शार्प अर्थातच कमी पडायला लागला. तो लिव्हरच्या थांब्याचा स्क्रू मागे घेऊन, म्हणजे गुडघ्याची चाल थोडी वाढवून मिळवला. त्याच लिव्हरवर खालचा षड्जही उतरतो, आणि आठवी तार आता गरजेपेक्षा जास्त उतरू लागली. तिचा रॉड बेल क्रँकवर एक भोक आत, शाफ्टच्या जवळ घेतला. शाफ्टजवळच्या भोकाला ओढ कमी मिळते, लांबच्याला जास्त. दोन्ही षड्ज एकाच वेळी आपापल्या निषादावर पोचेपर्यंत तासभर गेला. ही वेळ जुळली नाही तर गुडघा मारताना दोन सप्तकांतले दोन स्वर एकमेकांच्या मागे धावतात, आणि ते फार वाईट ऐकू येतं.

एवढं झाल्यावर गिटार आपल्या जागी परत येऊ लागली. पण मालकांनी वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "परत येतेय खरी. पण गोड नाही लागत." बरोबर होतं त्यांचं. दुरुस्तीतून आलेल्या गिटारीच्या सगळ्या तारा मीटरवर शून्यावर लावलेल्या असायच्या.

मी मिरजेचा. शाळेत जाता-येता सतारमेकरांच्या दुकानांतून तंबोरे मिळवतानाचा आवाज कानावर पडायचा. जवारी साधलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप उमटतो, तो पाचव्या हार्मोनिकचा, षड्जापासून ३८६ सेंटवर. मीटरचा गांधार ४०० वर असतो. पियानोत तो खपतो, कारण पियानोचा आवाज लगेच विरतो. स्टील गिटारचा स्वर सेकंदामागून सेकंद लांबत राहतो आणि तो १४ सेंटचा फरक डोलायला लागतो. मालकांचा कान तो डोल पकडत होता. ते घरी गांधार कानाने उतरवायचे, पुढचा माणूस मीटरने चढवायचा. अर्धी झीज या भांडणाची होती.

चर्चमध्ये त्यांच्या शेजारी पियानो असतो, म्हणून पूर्ण शुद्ध लावूनही चालत नाही असं त्यांना वाटायचं. आम्ही षड्ज मीटरवर ४ सेंट वर ठेवला आणि गांधार १० सेंट खाली. आपसातलं अंतर ३८६ चंच राहिलं आणि पियानोपासून कुणीच फार लांब गेलं नाही. पंचम ६ वर. मध्यम आणि धैवत पेडल दाबूनच लावले, कारण दोन्ही पेडलं दाबली की लाकडी पेटी पायाच्या जोरात किंचित वाकते आणि ज्यांचा पेडलशी संबंध नाही त्या तारासुद्धा उतरतात. या गिटारवर षड्ज ५ सेंट उतरत होता. टोकाच्या पट्ट्यांचे स्क्रू सैल होते. ते आवळल्यावर ३ राहिले. बाकीचं लाकडाचं आहे, ते स्वीकारायचं आणि त्या वाकलेल्या षड्जाला धरून धैवत मिळवायचा.

एक बेसूर तरीही उरला, आणि मला सगळ्यात जास्त आनंद त्याने दिला. सातव्या तारेचा रिषभ उघड्या पंचमाबरोबर सुरेख लागायचा. ए पेडल दाबून त्याच रिषभाला धैवताबरोबर वाजवलं की कडू. मालकांना वाटत होतं रॉड घसरतोय. मोजलं तर काहीच घसरत नव्हतं. पंचमाशी जुळणारा रिषभ नऊ-अष्टमांश, षड्जापासून २०४ सेंट. शुद्ध धैवताशी पंचमभावाने जुळणारा रिषभ दहा-नवमांश, १८२ सेंट. रिषभाची ही दोन स्थानं आपल्या श्रुतिचर्चेतली जुनी ओळखीची मंडळी आहेत. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी ब्रिटिश अधिकारी क्लेमेंट्स यांच्यासह शंभराहून अधिक वर्षांपूर्वी श्रुतींची पेटी करून घेतली ती अशाच फरकांसाठी. टेक्ससच्या चर्चमध्ये वाजणाऱ्या गिटारवर तोच २२ सेंटचा फरक समोर उभा राहिला. इथे एक तार दोन जागी असू शकत नाही, पण चेंजर तिला नेऊ शकतो. सातव्या तारेचा उतरवणारा तुकडा रिकामाच होता. माझ्याकडचा एक जुना रॉड कापून ए पेडलच्या शाफ्टला जोडला, बेल क्रँकच्या सगळ्यात आतल्या भोकात. आता ए दाबलं की पंचम धैवताकडे चढतो आणि त्याच पायाने रिषभ हळूच २० सेंट खाली सरकतो. स्टील वादक याला कॉम्पेन्सेटर म्हणतात.

मालकांनी ए पेडल दाबून पाचवी आणि सातवी तार एकत्र छेडली. डोल नव्हता. त्यांनी पुन्हा छेडली, आवाज पूर्ण विरेपर्यंत पाय तसाच ठेवला, आणि मग तेच तीन-चार ठिकाणी दांडा सरकवून केलं.

झिजलेले ट्यूनर बदलले आणि प्रत्येकावर नखाच्या लाल रंगाचा एक ठिपका वरच्या बाजूला दिला, म्हणजे फिरला तर दिसेल. तीन रविवारांनंतर मी त्यांच्याकडे वही घेऊन गेलो. सहावी तार बी सोडल्यावर ३ खाली, चौथी जागेवर. तिसरी मात्र मधल्या काळात एकदा तुटली होती. ०.०११ ची ती तार जी शार्पला सुमारे २००० मेगापास्कलच्या ताणावर जगते आणि मध्यमावर जाताना आणखी वर. महिन्याला बदलावी हे उत्तम. लाल ठिपके सगळे वरच होते, एक सोडून. आठव्या तारेचा पाव फेरा फिरला होता.

"तो मीच," ते म्हणाले. "थंडी पडली त्या रात्री डी शार्प जरा चढा वाटला."

मीटर लावून पाहिलं. बरोबर फिरवला होता, आणि रॉडला ढील शिल्लक होती.